आगे बढो!

आमच्या बोरीला कलादालन नाही. बोरी म्हणजे परभणी जिल्ह्यातली, जिंतूर तालुक्यातली. परभणीहून जिंतूरकडे जाताना लागते ती. एवढा पत्ता द्यावा लागतो, कारण बोरी नावाची गावं महाराष्ट्रात बरीच आहेत, आणि त्या सगळ्यांचा एकदम उल्लेख करायला जावं तर अनेकवचनात ‘बोऱ्या’ वाजतो. तेव्हा आपण आपल्या एका बोरीपुरतं बोलू.

कलादालन नव्हतं म्हणून आमचं काही अडलं होतं असं मात्र नाही. माझ्या लहानपणी बाजाराच्या दिवशी एक पेटीवाला येई. लाकडी तिवईवर रंगवलेली पत्र्याची पेटी, पेटीला गोल भोकं आणि भोकांवर झाकणं. पाच पैसे दिले की एका भोकाला डोळा लावता येई. आत चित्रं सरकत आणि बाहेर पेटीवाला घुंगरू वाजवत चित्रांची माहिती सांगे. आग्र्याचा ताजमहाल, दिल्लीचा कुतुबमिनार आणि बारा मणांची धोबीण. यांतला ताजमहाल आणि कुतुबमिनार मी पुढे प्रत्यक्ष पाहिला. धोबिणीचा योग अजून यायचाय. पुढच्या आयुष्यात मोठमोठ्या शहरांतली मोठमोठी प्रदर्शनं पाहिली, पण चित्र, चित्राची माहिती, संगीत आणि तिकिटाचा दर या चारही बाबतींत इतका चोख बंदोबस्त पुन्हा कुठं आढळला नाही. दोष एकच होता. चित्र डोळ्यांत भरतंय न भरतंय तोच पेटीवाला डोक्यावर टिचकी मारून म्हणे, “चलो, आगे बढो!”

दुसरं कलादालन म्हणजे आमच्या माजघराची भिंत. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि राजवाड्यांतल्या देवदेवता चार पैशांत गावोगावच्या भिंतींवर आणून टांगल्या. आमच्याकडे त्यांतली लक्ष्मी होती. पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन लक्ष्मीजवळच्या हत्तीचा रंग पार उडाला होता, त्यामुळं तो ऐरावत झाला होता. आजी त्या चित्राला रोज हळदकुंकू वाही. चित्राला रोज हात लावायचा आणि तरी ते पन्नास वर्षं टिकवायचं, ही विद्या कुठल्याही म्युझियमवाल्यानं शिकून घ्यावी अशी आहे.

पण ‘म्युझियम’ ही चीज शहरातली. आणि शहर म्हणजे कोणतं?

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या वाचकाला पडणार नाही. त्यांच्या लेखी शहर म्हणजे ते स्वतः जिथं राहतात ते. पण आमच्या वडिलांच्या पिढीला विचारलं असतं, तर उत्तर आलं असतं, “हैदराबाद”. आमचा परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होता. त्यानंतर तो हैदराबाद राज्यात राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे आमचे नाना एकाच घरात बसून चार राजवटींचे रहिवासी झाले. माजघराच्या छपराची एकाच जागची गळती चारही राजवटींनी पाहिली. दुरुस्ती एकीनंही केली नाही.

नाना हैदराबादेत शिकले. त्या काळी आमच्याकडे पुढचं शिक्षण उर्दूतून. त्यामुळं नाना हिशेब मोडीत लिहीत, अर्ज उर्दूत करीत आणि भांडण मराठीत. जुन्या शहरात ते एका खोलीत चौघांत राहायचे, आणि शाळेत जाता-येता वाटेत ‘दिवाण देवडी’ लागायची. देवडी म्हणजे आपल्याकडच्या वाड्याची देवडी नव्हे. अख्ख्या वाड्यालाच तिथं देवडी म्हणत. या देवडीत नवाब सालारजंग राहायचे.

सालारजंग एक नव्हते, तीन होते. पहिल्यांनी १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षं निजामाची दिवाणगिरी केली. तिसरे म्हणजे त्यांचे नातू, मीर युसुफअली खान. यांचा जन्म १३ जून १८८९ चा, आणि तोही कुठला, तर पुण्याचा! हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्याबरोबर बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. एक माणूस जन्मभर वस्तू जमवत राहतो आणि त्यांतली एकही टाकून देत नाही, याला जन्मगावाशिवाय दुसरं कारण असूच शकत नाही. पुण्यातच पुढे दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वज्र्या, पेटारे असं कायकाय जमवून राजा केळकर संग्रहालय उभं केलं आणि १९७५ साली ते सरकारच्या हवाली केलं. पुण्याच्या पाण्यातच काहीतरी असलं पाहिजे. फरक इतकाच, की केळकरांनी आपल्या घरातल्या वस्तू जमवल्या आणि नवाबसाहेबांनी जगाच्या घरातल्या.

युसुफअली खान १९१२ साली निजामाचे दिवाण झाले आणि १९१४ साली त्यांनी दिवाणगिरी सोडली. वय पंचवीस. पंचविसाव्या वर्षी आपल्याकडे माणूस नोकरी शोधायला लागतो. यांनी दिवाणगिरीसारखी नोकरी सोडून चिनी भांडी शोधायला सुरुवात केली. लग्न केलं नाही. त्यामुळं ‘घरात ठेवायला जागा कुठंय?’ हा प्रश्न पस्तीस वर्षांत त्यांना कुणी विचारला नाही. देशोदेशींचे दलाल देवडीत येत. इराणी गालिचे, जपानी रेशीम, मोगलांच्या कट्यारी, फ्रान्सचं लाकूडकाम, इंग्लंडची घड्याळं. पुढे मोजदाद झाली तेव्हा कलावस्तूच भरल्या चाळीस हजारांच्या वर, शिवाय ग्रंथ आणि हस्तलिखितं वेगळी. संध्याकाळी देवडीत शायर, लेखक, कलावंत यांचा राबता असे. आज आपण ज्याला शहरातली ‘कलासंध्या’ म्हणतो ती तिथं घरच्या घरी भरत होती. निमंत्रितांसाठी, अर्थात.

आमचे नाना निमंत्रितांत नव्हते. संध्याकाळी ते देवडीसमोरून जात, तेव्हा आत दिवे लागलेले असत, एखादी मोटार आत वळे, आणि दरवाजा उघडला की तेवढ्या वेळात आतलं काहीतरी चमकताना दिसे. झुंबर असेल, आरसा असेल, कुणास ठाऊक. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, हातात उर्दूची वही, पोटात भूक. तो क्षणभर थांबे. आणि तो थांबला रे थांबला, की दारावरचा पहारेकरी म्हणे, “ए, चलो, आगे बढो!”

नाना आगे बढत. काय करतील?

नंतर इतिहासानं भराभर पानं उलटली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान गेलं. २ मार्च १९४९ ला नवाब सालारजंग वारले. मागं मूलबाळ नाही आणि चाळीस हजारांवर वस्तू. आता हे सगळं वाटून, विकून, फुकून टाकणं अगदी सोपं होतं. आपल्याकडे वाड्यांचं तेच होतं. आधी झुंबर जातं, मग दारं जातात, मग उरलेल्या भिंतींवरून भावाभावांत कोर्ट लागतं. पण त्या वेळचे हैदराबादचे मुख्य प्रशासक वेलोडी यांनी डोकं चालवलं. जेम्स कझिन्स नावाच्या कलासमीक्षकाला बोलावून त्यांनी निरनिराळ्या वाड्यांतून विखुरलेल्या वस्तू लावून घेतल्या, आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी त्याच दिवाण देवडीत पंडित नेहरूंच्या हस्ते म्युझियमचं उद्घाटन झालं. १९५८ साली वारसांशी समझोता होऊन ते भारत सरकारकडे आलं आणि १९६१ साली संसदेनं त्यासाठी कायदा केला.

पॅरिसच्या लोकांनी राजवाड्यातली चित्रं पाहायला मिळावीत म्हणून केवढी यातायात केली ते बघा. १७९३ च्या जानेवारीत राजाचं डोकं उडवलं आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लूव्रचा दरवाजा लोकांना उघडून दिला. हैदराबादेत तेच काम एक उद्घाटन, एक समझोता आणि एक कायदा यांत झालं. आपल्याकडे सरकारी कागदाला उगाच नावं ठेवतात.

मला ते म्युझियम दिसलं १९७० साली. मी अकरा वर्षांचा होतो. एका लग्नाच्या निमित्तानं परभणीहून मीटरगेजच्या गाडीत रात्रभर आपटत आपटत आम्ही काचीगुड्याला उतरलो. दुसऱ्या दिवशी नाना म्हणाले, “चला, देवडी दाखवतो.” अंगात लग्नाचा कोट, डोक्याला टोपी. पण तोपर्यंत, १९६८ साली, म्युझियम देवडीतून उठून मुसी नदीच्या काठी नव्या इमारतीत गेलं होतं. ती पांढरी, ऐसपैस इमारत पाहून नाना जरा हिरमुसले. जिच्यापुढून हाकलून दिलं, तीच देवडी त्यांना आतून बघायची होती. इतक्या वर्षांनी आपला दरवाजाच कुणीतरी बदलून टाकावा, तसं झालं त्यांना.

आत गेल्यावर पहिली भेटली ती बुरखा घेतलेली रिबेका. बेन्झोनी नावाच्या इटालियन शिल्पकारानं केलेली ही संगमरवरी मुलगी थोरल्या सालारजंगांनी १८७६ साली रोमहून आणली. तिच्या तोंडावरून झिरझिरीत ओढणी आहे, ती ओढणीही दगडाचीच, आणि तरी तिच्यातून नाकडोळे दिसतात. लोक तोंडात बोटं घालून उभे होते. आईनं तिला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, “ओलेत्यानंच उभी केली की हो पोरीला. सर्दी होईल ना.” कलेवर एवढं नेमकं मत मी नंतर कुठल्याही मासिकात वाचलेलं नाही. मग एका लाकडात पुढून सैतान आणि पाठून मुलगी असा दुहेरी पुतळा पाहिला. मागं आरसा लावून दोन्ही एकदम दिसायची सोय केलीय. तो बघून नाना म्हणाले, “आपले तलाठी असेच आहेत.” चिनी भांड्यांच्या दालनात तर ते प्रत्येक बशीपुढे थांबून ती किती हाली शिक्क्यांना पडली असेल याचा अंदाज करायला लागले. हाली शिक्का म्हणजे निजामाचा रुपया. तो बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण मोठ्या रकमेचा अंदाज नानांना त्याच नाण्यात येई.

आणि मग घड्याळ! सालारजंगमध्ये एक इंग्रजी घड्याळ आहे. त्यात एक चिमुकला लोहार घण मारून सेकंद मोजत असतो. तास भरत आला की वरचं दार उघडून एक दाढीवाला बाहुला बाहेर येतो, वाजले असतील तितके टोले घंटेवर देतो आणि परत आत जातो. बस्स, एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीसाठी सगळं म्युझियम धावतं. बाराच्या टोल्यांना तर जत्रा. मुसलमान बाया, तेलुगू शेतकरी, शाळेची पोरं, नवं लग्न झालेली जोडपी, लष्करातले शिपाई आणि बोरीचे आम्ही. म्युझियममधल्या बाकीच्या वस्तू माणसं एकेकटी बघतात. ही एकच वस्तू अशी, की जी सगळ्यांनी मिळून, श्वास धरून, एकाच वेळी बघायची. आणि टोले संपले की एकमेकांकडे बघून हसायचं. ओळख ना पाळख.

नाना मागं दाराशीच उभे राहिले होते. मोठ्या माणसांच्या ठिकाणी आपण दाराशीच उभं राहायचं, ही त्यांच्या अंगात मुरलेली सवय. तेवढ्यात खाकी कपड्यांतल्या पहारेकऱ्याचं तिकडे लक्ष गेलं. तो ओरडला, “चाचा, चलो, आगे बढो!”

नाना दचकले. पाय आपोआप बाहेरच्या दिशेनं वळले. पहारेकऱ्यानं त्यांच्या दंडाला धरलं आणि गर्दीतून वाट काढत थेट पुढं आणून उभं केलं. म्हणाला, “उधर से क्या दिखेगा? आगे, आगे.”

बाहुला बाहेर आला. त्यानं बारा टोले दिले. मी बाहुल्याकडे बघत होतो, त्यामुळं नानांचा चेहरा पाहायचा राहिला. रात्री परतीच्या गाडीत मात्र ते बराच वेळ जागे होते. मग एकदम म्हणाले, “शब्द तेच हैत बघ. त्या टायमाला बाहेर ढकलायलते, आता आत घ्यायलेत.” आणि कूस वळवून झोपले. स्वातंत्र्य म्हणजे काय यावर पुढे मी शाळेत पुष्कळ निबंध लिहिले. दहापैकी सहाच्या वर मार्क मिळाले नाहीत, कारण हे वाक्य त्यांत घालायचं सुचलं नाही.

आता आमच्या मुलखाची राजधानी मुंबई झाली आणि आमचा पुतण्याही तिथंच नोकरीला लागला. त्यामुळं वर्षातून एकदा मुंबई घडते. तिथल्या म्युझियमांचा इतिहास हासुद्धा दरवाजांचाच इतिहास आहे. सगळ्यांत जुनं भायखळ्याचं. १८७२ साली उघडलं तेव्हा ते व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट यांच्या नावाचं होतं. ज्या डॉ. भाऊ दाजी लाडांनी त्यासाठी खटपट केली, त्यांचं नाव त्याला मिळायला १९७५ साल उजाडलं. शंभर वर्षं थांबावं लागलं, पण मिळालं. राणीच्या बागेत माकडं बघायला आलेले लोक वाटेत तेही बघून घेत. २००३ ते २००८ या काळात त्याची अशी काही डागडुजी झाली, की आता माणसं म्युझियम बघायला येतात आणि वाटेत माकडं बघून घेतात.

फोर्टातल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ ची. इमारत १९१४ साली तयार झाली, तोवर महायुद्ध लागलं आणि तिथं लष्करी इस्पितळ निघालं. म्हणजे त्या वास्तूत आलेली पहिली माणसं झोळीवरून आली. लोकांसाठी दार उघडलं ते जानेवारी १९२२ मध्ये. १९९८ साली त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव दिलं. समोरच्या चौकात काळ्या घोड्यावर सातवा एडवर्ड बसला होता. १९६५ साली घोड्यासकट त्याला भायखळ्याच्या बागेत पाठवलं. घोडा गेला, पण चौकाचं नाव काळा घोडाच राहिलं. शेवटी २०१७ साली तिथं नवा घोडा आणून बसवला, पण त्याच्यावर कुणी बसलेलं नाही. घोडा ठेवावा आणि राजा तेवढा वगळावा, ही तोड कुणाला सुचली असेल त्याला माझा नमस्कार.

पलीकडे कावसजी जहांगीर हॉल. १९११ सालचा. एके काळी तिथं मैफली झाल्या, मग मुष्टियुद्धाचे सामने, कामगारांच्या सभा आणि लग्नाचे स्वागतसमारंभही झाले. १९९६ पासून तिथं आधुनिक कलेचं राष्ट्रीय दालन आहे. आधुनिक चित्रं समजत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की त्याच जागेत पूर्वी लोक एकमेकांना ठोसे मारत, आणि तेही कुणी समजावून सांगत नसे. जवळच जहांगीर आर्ट गॅलरी. हेब्बारांसारख्या चित्रकारांनी आणि होमी भाभांनी धरलेल्या आग्रहातून १९५२ साली ती उभी राहिली. तिथं प्रवेश फुकट. तिथलं सामोवार हे उपाहारगृह १९६४ पासून २०१५ पर्यंत चाललं. पुष्कळांचा कलेशी संबंध तिथल्या चहापासून सुरू झाला आणि काहींचा तिथंच संपला.

याच भागातल्या एका दालनात, नाव सांगत नाही, पुतण्यानं मला एका संध्याकाळी उद्घाटनाला नेलं. निमंत्रणपत्रिका हातात घ्यायला दोन हात लागावेत इतकी जाड. त्यात पाहुण्यांची नावं होती, वेळ होती, नंतरच्या पेयपानाचा उल्लेख होता. चित्रांविषयी काही नव्हतं. आत शंभरेक माणसं होती आणि सगळ्यांच्या पाठी भिंतीकडे होत्या. पहिल्यांदा मला वाटलं, आपण चुकलो, चित्रं मधोमध असतील. पण मध्ये तळलेले पदार्थ होते.

मी पायजमा, नेहरू शर्ट, टोपी आणि खांद्याला शबनम अशा वेषात. त्यामुळं दोन गोष्टी घडल्या. दारावरच्या तरुण स्वागतकर्तीनं मला अत्यंत अदबीनं मागच्या दाराची वाट दाखवली. केळीची पानं की कसली ऑर्डर घेऊन आलोय असा तिचा समज झाला असावा. आणि पुतण्यानं सोडवून आत नेल्यावर एका बाईंनी मला थेट चित्रकारच ठरवलं. भिंतीवर एक भलंमोठं पांढरं चित्र होतं. त्याकडे ग्लास दाखवून त्या म्हणाल्या, “तुमच्या चित्रांतली ही पोकळी मला फार अस्वस्थ करते. ही येते कुठून?”

मी म्हटलं, “आमच्याकडं दुष्काळ असतो.”

त्या गंभीर झाल्या. त्यांनी आणखी दोघांना बोलावून आणलं. मला पुढचं सुचेना, तेव्हा मी हळूच सटकलो आणि बाहेर पायरीवर येऊन उभा राहिलो.

तिथं पहारेकरी होता. थोडा वेळ माझ्याकडे बघून म्हणाला, “कामून भायेर उभारलात, काका?”

‘कामून’! काळ्या घोड्याच्या चौकात ‘कामून’! माझ्या अंगावर काटाच आला. गाव विचारलं तर जिंतूर तालुक्यातलाच निघाला. घरी दोन एकर कोरडवाहू, त्यावर भागेना, म्हणून इकडे. बोरीच्या बाजाराला लहानपणी बैल घ्यायला बापाबरोबर आलेला. मी त्याला आतली पोकळीची हकीकत सांगितली. तो हसला आणि म्हणाला, “चला, दावतो.”

निमंत्रितांच्या गर्दीतून त्यानं मला त्याच पांढऱ्या चित्रापुढे नेलं. “मांडणी व्हायलती तवापासून बघायलो मी ह्याला. चार दिस झाले. पयल्या दिवशी मलाबी काहीच दिसलं नव्हतं. पर रात्रपाळीला दुसरं काय बघावं? कापसाचं रान हाय ते, काका. बोंडं फुटल्यावरचं, पहाटेचं. धुकं हाय म्हणून ताटं दिसंनात. ह्या कोपऱ्यात बघा, ही पिवळी रेघ. दिवस उगवायलाय.” मला काही दिसेना. तसा तो म्हणाला, “असं लांबून नाही दिसायचं. पुढं व्हा जरा.”

मी पुढं झालो. आणि काय सांगू, खरंच दिवस उगवत होता.

चित्रकाराच्या मनात कापूस होता की नव्हता, ते मी विचारलं नाही. एका कोपऱ्यात तो बिचारा एकटाच उभा होता आणि त्याला ओळखणारं तिथं कुणी दिसत नव्हतं. मी जाऊन एवढंच सांगितलं, की तुमचं चित्र एक माणूस चार दिवस बघतोय. त्यानं माझे दोन्ही हात धरले.

संध्याकाळच्या या समारंभांना नावं ठेवायला म्हणून हे मी लिहीत नाही. सालारजंगांच्या देवडीतसुद्धा शायरमंडळींच्या पाठी रिबेकाकडेच असतील. दिवे असावेत, माणसं जमावीत, चार बोलणी व्हावीत, हेही म्युझियमचं कामच आहे. घड्याळापुढे आम्ही जमलो होतो ते वेगळं काय होतं? प्रश्न दाराचा आहे. नानांच्या वेळी दारावर खराखुरा पहारेकरी होता. आता प्रवेश फुकट आहे, पायऱ्या रस्त्यालाच लागून आहेत, कुणी अडवत नाही, आणि तरी समोरच्या फुटपाथवरून हजारो माणसं रोज क्षणभर थांबतात आणि पुढे जातात. तो जुना पहारेकरी दारावरून निवृत्त झाला आणि मनात येऊन बसला. त्याला पेन्शन देऊन घरी पाठवणं हे कायद्याचं काम नव्हे. त्याला आतूनच कुणीतरी हाक मारावी लागते. फोर्टातल्या म्युझियमनं २०१५ पासून एका बसमध्ये प्रदर्शन मांडून ती गावोगाव न्यायला सुरुवात केली, हे वाचलं तेव्हा मला आमच्या पेटीवाल्याची आठवण झाली. धोबीण तेवढी राहिली.

निघताना आमचा जिंतूरकर म्हणाला, “सकाळी या, काका. गर्दी नसती. तिकीटबी नाही.” म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. पायऱ्यांपुढे एक कुटुंब उभं होतं. हातात पिशव्या, नवराबायको, आठ-नऊ वर्षांची मुलगी. गडी मान उंचावून आत बघत होता आणि पाय मागं घेत होता. ते उभं राहणं माझ्या ओळखीचं होतं.

मी म्हटलं, “अहो, असे लांब काय उभे? पुढं व्हा, आत या.”

“आत काय हाय?” त्यानं संशयानं विचारलं.

“कापसाचं रान आहे.”

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाला, “ते बघायला मुंबईला कशाला येवं लागतंय?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. पण तेवढ्यात त्याची पोरगी सगळ्या पायऱ्या चढून आत गेली होती.